कडुलिंबाखालचा नारळ

माझ्याकडे येणारा माणूस आधी पट्टी दाखवायचा. कुणी धोतर वर करून गुडघा दाखवी, कुणी सदरा काढून खांदा. मी म्हणायचो, "पट्टी राहू दे बाबा, आधी रस्ता कुठला ते सांग." लोकांना राग यायचा, आणि तो यायलाच हवा. इकडे माणूस कळवळतोय आणि हा कारकुंडा रस्त्याची चौकशी करतोय. पण मी डॉक्टर नव्हतो. मोडलेलं हाड जुळवणं माझं काम नव्हतं. त्या मोडलेल्या हाडापायी कोर्टात जाण्यात अर्थ आहे की नाही, एवढंच मला सांगायचं असे.

मी वकिलाचा कारकून. राहणार चिखलीचा. आमचे वकीलसाहेब चिंचवडला राहायचे आणि पुण्याच्या व खेडच्या कोर्टांत कामं चालवायचे. मी सांगतोय ती पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला कारखाने तेव्हा नुकते उभे राहत होते. चाकणला कांद्या-बटाट्याच्या बाजारापलीकडे काही नव्हतं. आज महाळुंग्याला कंपन्यांच्या भिंती बघणाऱ्यांना सांगून पटायचं नाही, पण तळेगाव-चाकण रस्त्यावर तेव्हा बैलगाड्यांचंच राज्य होतं. मोटार दिसली की शेतातली माणसं खुरपं थांबवून बघायची.

तरी अपघात व्हायचे. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या फटफट्या लिलावात निघाल्या आणि ज्यांना सायकल धड येत नव्हती तेही फटफटीवर बसले. दिवा नाही, ब्रेक असला तर असला. त्यातून जे व्हायचं ते आमच्या ओसरीवर यायचं.

पहिली छाननी माझी. वकीलसाहेब कोर्टातून आले, पगडी खुंटीला लावली, की एवढंच विचारायचे, "यात दम आहे का?" मी हो किंवा नाही म्हणायचं. बाहेरच्यांना वाटतं, लागलं म्हणजे भरपाई मिळाली. तसं नसतं हो. आधी चूक कोणाची ते बघायचं. मग इजा कामाच्या आड किती येते ते बघायचं. नुसतं दुखतं म्हणून चालत नाही. मग समोरचा देऊ शकतो का ते बघायचं. ट्रकना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला होता, त्यामुळे ट्रक असला की हे तिसरं सोपं. फटफटीने बैलगाडीला धडक दिली तर मात्र दोघेही कफल्लक. आणि हे सगळं वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की तुमचा पाय सोन्याचा असला तरी कोर्ट दारात उभं करत नाही. हरलात तर समोरच्या वकिलाचा खर्चही तुमच्याच बोडक्यावर बसतो. म्हणून नाही म्हणणं हे माझं खरं काम होतं. गरीब माणसाला वेळेवर नाही म्हणणं म्हणजे त्याच्यावर उपकारच, असं मी मानायचो आणि ते ऐटीत सांगायचोही.

नमुने एकेक यायचे. एक गृहस्थ येताना डाव्या पायाने लंगडत आले आणि चहा पिऊन जाताना उजव्या पायाने. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि म्हटलं, "काका, एक पाय ठरवा आणि मग या." ते परत आले नाहीत. उलट देहूकडचा एक सनईवाला आला होता. फटफटीच्या धक्क्याने त्याचे पुढचे दोन दात गेले होते. साहेब म्हणाले, दोन दातांसाठी कसला दावा? मी म्हटलं, साहेब, तुमचे गेले असते तर गोष्ट वेगळी. हा फुंकतो दातांवर. लग्नसराई जवळ आली आहे आणि याच्या सनईतून नुसती हवा निघते. तो दावा आम्ही लावला आणि जिंकलो. या दोन गोष्टी मी चारचौघांत पुष्कळदा सांगितल्यात. तिसरी आजवर सांगितली नाही, ती आता लिहितो.

ती हमीदाबीची. तळेगाव दाभाड्याची. नवरा युसूफ मिस्त्री विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. आसपासच्या गावांत इंजिन बंद पडलं की मिस्त्रीला सांगावा जायचा आणि तो हत्यारांची पिशवी लावून फटफटीवर हजर. हमीदाबी घरी शिवणकाम करायची, पायाच्या मशीनवर. एका दुपारी दोघं चाकणला नात्यातल्या लग्नाला निघाली. महाळुंग्याच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिचं नाव मी लिहीत नाही. तिथे समोरून बटाट्याच्या गोण्या भरलेला ट्रक आला. धडकेत फटफटी हमीदाबीच्या डाव्या पायावर पडली. गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि वाकडं जुळलं. मिस्त्रीच्या डोक्याला मार बसला. जखम भरली, पण त्या दिवशीचं जेवण झाल्यापासून पुढचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

बाई आमच्याकडे आली तेव्हा काखेत कुबडी होती. मिस्त्री आत आला नाही, पायरीपाशी उभा राहिला. तिने पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल माझ्या हातात दिली. मी बाईकडे बघायच्या आधी ती वाचली. तिथेच माझं चुकलं.

पंचनामा स्वच्छ होता. चाकणकडे जाताना रस्त्याच्या उजव्या अंगाला कडुलिंब आहे. त्या कडुलिंबापासून अडीच हातांवर अपघाताची जागा, असं मोजून लिहिलं होतं. खाली पोलीस पाटलाची पंच म्हणून सही. चाकणकडे जाणारी फटफटी रस्त्याच्या डाव्या अंगाला पाहिजे. ती उजव्या अंगाला, म्हणजे ट्रकच्या वाटेत सापडली. आता विचारायचं काय राहिलं? फौजदारांनीही फटफटीवाल्याचीच चूक म्हणून कागद मिटवले होते.

तरी रीत म्हणून मी विचारलं, "ट्रक कुठून आला, तुम्ही काय पाहिलं?"

ती म्हणाली, "ट्रक मला दिसलाच नाही, भाऊ. मी दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून बसले होते. आम्ही कडेनंच चाललो होतो. बाभळीचा काटा माझ्या साडीला अडकला, लग्नाची साडी होती, फाटू नये म्हणून मी खाली वाकून तो सोडवत होते. तेवढ्यात धडाका झाला."

मी म्हटलं, "काट्याचं राहू द्या. म्हणजे ट्रक तुम्ही पाहिला नाही, आणि मिस्त्रींना काही आठवत नाही."

मी पेन्सिलीने नकलेच्या कोपऱ्यात 'नाही' लिहिलं आणि तिला समजेल अशा भाषेत सांगितलं, "बाई, पंचनाम्यात फटफटी उजवीकडे आहे. चूक तुमच्या मालकांची ठरते. दाव्यात दम नाही. उगीच खड्ड्यात जाल."

पायरीवरून मिस्त्रीने आत पाहिलं. तो एकच शब्द बोलला. "पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं.

तो मान हलवून फाटकाकडे गेला. हमीदाबी कुबडी टेकत मागून निघाली. तो तिच्यासाठी थांबला नाही, पण पुढेही गेला नाही. दहा पावलांवर उभा राहायचा, ती जवळ आली की पुन्हा चालू लागायचा. मला वाटलं, माणूस तऱ्हेवाईक दिसतोय.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "जागा पाहिलीस?" दाव्याला नाही म्हणण्याआधी अपघाताची जागा डोळ्यांनी बघायची, ही त्यांची शिस्त होती. सायकल घ्यायची, दोरी घ्यायची, जायचं. ऊन मी म्हणत होतं आणि पंचनामा इतका स्वच्छ होता. मी म्हटलं, "पाहिली." साहेबांनी कागद बाजूला ठेवला.

पुढे कित्येक महिने मला त्या बाईची आठवणही झाली नाही. एकदा महाळुंग्याच्या एका बांधाच्या तंट्यासाठी मी तळेगावहून सायकलने निघालो होतो. दुपार टळली होती. पाणी प्यावं म्हणून एका झाडाखाली थांबलो. झाड कडुलिंबाचं होतं. बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड, नारळाची जुनी करवंटी आणि पत्रावळीवर दहीभात. सत्तरीची एक म्हातारी उदबत्ती खोचत होती. पुढे कळलं, ती ठकूबाई, वस्तीतली सगळ्यांत वडील बाई.

मी सहज विचारलं, "आजी, कुठल्या देवाचं हे?"

"देवाचं न्हाई बाबा. हितं फटफटी पडली व्हती. बाईमानसाचं रगत सांडलं. जागा शांत करावी लागती. दर अवसेला ठिवते."

मला पंचनामा आठवला. कडुलिंब, अडीच हात. मी म्हटलं, "म्हणजे इथेच पडली होती ना?"

म्हातारीने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "हितं कशी पडंल? पडली तिकडं." तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "त्या बाभळीच्या कडंला. आमीच तर उचलून हितं आनून टेकवली, गाड्यांची वाट अडली व्हती म्हनून."

"मग नारळ इथे का?"

"बाभळीखाली कुनी निवद ठिवतं व्हय? आन् मधी रस्त्यात ठिवला तर चाकाखाली जाईल, त्ये आनखी वंगाळ."

मी रस्ता ओलांडला. डाव्या कडेला बाभळी ओळीने उभ्या होत्या, फांद्या रस्त्यावर आलेल्या. उजवीकडे कडुलिंब सोडला तर दूरवर झाड नव्हतं, काटा तर नाहीच. एक फांदी माझ्या बाहीला लागली. मी तिथे उन्हात उभा राहिलो आणि मला त्या बाईचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू आलं. डावीकडे पाय सोडून बसलेल्या बाईच्या साडीला बाभळीचा काटा अडकला, म्हणजे फटफटी कुठे होती? अगदी डाव्या कडेला. ट्रक आपली बाजू सोडून त्यांच्या अंगावर आला होता. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी तिला काय म्हणालो होतो? काट्याचं राहू द्या.

सगळा घोळ समजायला मला पंधरा मिनिटं लागली. अपघाताच्या संध्याकाळी म्हातारीने कडुलिंबाखाली नारळ फोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. फटफटी कडुलिंबाला टेकलेली, तिथेच कुंकू, तिथेच नारळ. पलीकडे बाभळीपाशी आदल्या रात्रीच कुणीतरी रक्तावर माती टाकलेली. त्यांनी तिथून दोरी लावली. गावकरी बघत उभे राहिले. साहेब मोजतायत तर मोजू द्या, त्यांना कळत असेलच की. पाटलाने सही केली.

मग मी बोटांवर मोजलं. वर्ष भरायला अठरा दिवस उरले होते.

बांधाचा तंटा तसाच टाकून मी चिंचवडला परतलो. साहेबांना सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की तेव्हा मी जागा पाहिलीच नव्हती, खोटं बोललो. नोकरी गेली असं धरूनच मी बोललो. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "अठरा दिवस आहेत. दाव्याच्या तयारीला लाग. तुझं नंतर बघू." ते नंतर कधीच आलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तळेगावला गेलो. मिस्त्रीच्या घरासमोर फटफटी पोत्याने झाकून ठेवली होती. आत हमीदाबी मशीनवर कापड सरकवत होती आणि शेजारी मिस्त्री जमिनीवर बसून हाताने मशीनचं चाक फिरवत होता. त्याने मशीनला लोखंडी दांडा जोडला होता. तिला पाय मारता येत नाही म्हणून तो दिवसभर तो दांडा फिरवायचा. इंजिनाचे सांगावे यायचे, तो जायचा नाही. हे तिने मला पुढे सांगितलं. त्या वेळी मी फक्त दांडा बघितला.

कसंबसं सांगितलं. बाभळ, कडुलिंब, नारळ. हमीदाबीचे हात थांबले. ती नवऱ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मिस्त्रीने दांडा सोडला नाही.

"तेव्हा पक्कं म्हणालात," तो म्हणाला.

"तेव्हा मी जागा पाहिली नव्हती. चूक माझी झाली, मिस्त्री. तुमची नव्हती."

"आता पण पक्कंच म्हणताय ना?"

तो पुढे म्हणाला, "मला काही आठवत नाही, भाऊ. लोक सांगतील ते मी खरं धरणार. कागदावर लिहिलं होतं, तुम्ही पण सांगितलं, मी धरलं. आता एका म्हातारीच्या तोंडचं तुम्ही सांगताय. ज्याने त्या कागदावर सही केली त्याने सांगू दे. मग धरीन." आणि त्याने चाक फिरवायला सुरुवात केली.

हमीदाबी मला दारापर्यंत पोचवायला आली. हळू आवाजात म्हणाली, "दावा लावा. पैशांचं काय व्हायचं ते होवो. हा माणूस माझ्या पायाकडे बघत नाही, भाऊ. वर्ष झालं, जेवायला वाढलं तरी पाठ करून बसतो."

म्हणजे सगळं पाटलावर येऊन ठेपलं. पाटील साठीचा, बांधेसूद, मिशा ठेवणीतल्या. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा त्याने पान दिलं. दुसऱ्यांदा पाणी दिलं. तिसऱ्यांदा उंबऱ्यातच उभं केलं.

"पाटील, फटफटी कुठे पडली होती?"

"कागदावर हाय तिथं."

"कागद राहू द्या. तुम्ही पाहिली ती कुठे?"

"कारकून, त्या कागदावर माझी सही हाय. आता कोर्टात जाऊन सही खोटी व्हती म्हनू? पाटीलकी जाईल. आन् तो ट्रकवाला दर साली आमच्या वस्तीचा बटाटा उचलतो. त्यानं उचलला न्हाई तर तुमी उचलनार व्हय?"

त्याचं चुकत होतं असं मला म्हणवेना. मी उंबऱ्यातून परत फिरलो.

दिवस सरत होते. गरिबाला कोर्टाच्या फीशिवाय दावा लावता येतो, त्याला नादारीचा दावा म्हणतात. पण तो अर्ज माणसाला स्वतः कोर्टात जाऊन द्यावा लागतो. मुदतीचे दोन दिवस उरले असताना हमीदाबीला घेऊन मी खेडला गेलो. ती कुबडीवर, मी कागद घेऊन आणि मिस्त्री दहा पावलं मागे. अर्ज आत गेला, शिक्का पडला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "मुदतीत बसलो. पण पाटील नसेल तर यात दम नाही, हे तुला कळतंय ना?" मला ते कळत होतं.

साक्षी निघायला दीडेक वर्ष गेलं. कोर्टाचं हे असंच. तेवढ्या काळात मी अमावास्या चुकवली नाही. ठकूबाई दहीभात ठेवायची आणि मी शेजारी बसायचो. मी तिला काही मागितलं नाही. साक्षीचं समन्स पाटलाला बजावलं गेलं त्या दिवशी तिनेच विचारलं, "पाटील काय बोलनार?"

मी म्हटलं, "कागदावर आहे तेच म्हणतील."

"मग मी येते. मलाबी दिसलं व्हतं."

"आजी, तिथे वकील उलटसुलट विचारतात. घाबराल."

"मी नारळ ठिवला म्हनून त्या पोरीचा दावा बुडतोय न्हवं? मग मी आले पायजे."

तारखेला खेडच्या कोर्टात आधी हमीदाबीची साक्ष झाली. तिने काट्याचं सांगितलं. समोरचे वकील पुण्याचे होते, हुशार. त्यांनी हसून विचारलं, "काट्याची ही गोष्ट फार सोयीची आहे, बाई. पहिल्यांदा कुणाला सांगितलीत?"

"पहिल्याच दिवशी. यांच्या कारकुनाला."

"त्याने लिहून घेतलं असेलच. कुठे आहे ते टिपण?"

हमीदाबीने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी नाही पाहिलं, ते टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. टिपण कुठे असणार? होता तो पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द, 'नाही'. कोर्टात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीशी उभा होतो. ती म्हणाली, "त्यांनी लिहून घेतलं नाही." वकील म्हणाले, "बरोबर. कारण तेव्हा काटा नव्हताच." माझ्या एका आळसापायी बाई भर कोर्टात खोटी ठरत होती.

मग ठकूबाई. तिने नारळाचं जसंच्या तसं सांगितलं. वकिलांनी तिला डोळ्यांनी किती दिसतं ते विचारलं, कोर्टातलं घड्याळ वाचायला सांगितलं. तिला कधीच घड्याळ वाचता येत नव्हतं. लोक हसले. पाटील बाकावर बसून हे बघत होता. त्याच्या वस्तीतली सगळ्यांत वडील बाई पिंजऱ्यात उभी होती आणि लोक तिला हसत होते. त्याची मान खाली गेलेली मी पाहिली. पण त्यातून तो काय बोलेल ते मला सांगता येईना.

पाटलाला पुकारलं. समोरच्यांचाच तो भरवशाचा साक्षीदार होता. त्यांच्या वकिलांनी पंचनामा दाखवला.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"यात लिहिलेली जागा बरोबर आहे?"

पाटील बोलेना. न्यायाधीशांनी मान वर केली. बाहेर पट्टेवाला कुणाला तरी हाका मारत होता, तेवढाच आवाज. मागच्या बाकावर मिस्त्री उभा राहिला होता, त्याला कुणीतरी सदरा धरून खाली बसवलं.

"जागा बरोबर आहे ना, पाटील?"

"न्हाई," पाटील म्हणाला. "ती नारळाची जागा हाय. फटफटी पडली ती बाभळीच्या कडंला. डाव्या अंगाला. ट्रक आपली बाजू सोडून आला व्हता."

वकिलांचा आवाज चढला. "म्हणजे त्या दिवशी खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?"

"त्या दिशी मला कुनी इचारलं न्हाई. नारळ बघून दोरी लावली. मला दिसत व्हतं चुकीचं मोजत्यात. साहेबापुढं कशाला बोला म्हनून गप ऱ्हायलो आन् सही केली. ती माझी चूक. त्याची जी काय सजा आसंल ती द्या." मग तो वकिलांना सोडून मागच्या बाकाकडे वळला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमची गाडी कडंलाच व्हती."

न्यायाधीशांनी त्याला साक्षीपुरतं बोलायला बजावलं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

मी बाहेर आलो तेव्हा मिस्त्री पायऱ्यांवर बसला होता. डोळे पुसत नव्हता, वाहू देत होता. मला बघून म्हणाला, "तिने काट्याचं खरंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही मला पक्कं म्हणालात."

"हो."

त्याने मान हलवली. हमीदाबी दारातून कुबडी टेकत आली. तो उठला, चार पायऱ्या वर गेला आणि तिच्या डाव्या पायाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. मग त्याने तिच्या हातातली कुबडी घेतली आणि तिला आपला दंड धरायला दिला. दोघं एकेक पायरी उतरली.

निकाल पुढे आमच्यासारखा लागला. विम्याने पैसे दिले. पाटलाची पाटीलकी गेली नाही, नुसती ताकीद मिळाली. वस्तीचा बटाटा मात्र त्या साली दुसऱ्या ट्रकने गेला. पण मला आठवतात त्या पायऱ्या. खाली पोचल्यावर हमीदाबी मागे वळली. मी वरच उभा होतो. मला वाटलं, आता बोलणार, आणि तिने बोलावंच.

ती म्हणाली, "भाऊ, यापुढे कुणी बाई काट्याचं बोलली तर लिहून घ्या."

आणि ती दोघं मोटारस्टँडकडे निघाली, शेजारी शेजारी. त्यानंतर माझी पुष्कळ वर्षं नोकरी झाली. लोक काय काय सांगायचे, कुत्रं आडवं आलं, चप्पल तुटली होती, पोळीचा डबा मांडीवर होता. साहेब विचारायचे, यात दम आहे का? मी म्हणायचो, उद्या सांगतो, अजून जागा पाहिलेली नाही. आणि ते कुत्रं, ती चप्पल, तो डबा, सगळं लिहून घ्यायचो.